ताठ कॉलरच्या पट्ट्या

आजकालच्या तयार शर्टांच्या कॉलरी बघितल्या की माझं डोकं फिरतं. दोनदा धुतलं की टोकं कुत्र्याच्या कानासारखी वर वळतात आणि लोक तेच घालून लग्नाकार्यात मिरवतात. पूर्वी मी अशा माणसाला रस्त्यात थांबवून बोललो असतो. आता बोलत नाही. कॉलरीवरून कुणाला चार शब्द सुनावायचा माझा हक्क गेला, आणि तो मीच घालवला.

मी शिवहार. जातीनं शिंपी, धंद्यानं शिंपी, गाव नरसी. नामदेव महाराजांच्या गावचा शिंपी म्हटलं की लोक आपल्याकडून उगाच भलेपणाची अपेक्षा धरतात. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की ती लगेच सोडून देतात. वडिलांशीही असाच भांडलो, मशीन त्यांची म्हणून रिकाम्या हातानं घराबाहेर पडलो आणि वसमतला अल्लाबक्ष उस्तादांच्या दुकानात येऊन उभा राहिलो. साल एक्याण्णव.

उस्तादांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. त्यांची नजर माझ्या कॉलरीवर होती.

"ही तूच शिवली का?"

"व्हय."

"मग तुला शिकायला लई जागा हाय. बस."

दुकान बसस्टँडच्या मागं, हळदीच्या मोंढ्याला, म्हणजे घाऊक बाजाराला, लागून. हंगामात हवेत इतकी हळद असायची की पांढरं कापड आम्ही सकाळीच कापून, शिवून, झाकून ठेवायचो. दुपारी उघडं राहिलं तर नवरदेवाच्या आधी त्याच्या शर्टाला हळद लागायची. उस्तादांचं घर दोन गल्ल्या पलीकडं. दुपारचा डबा त्यांची बायको खतीजाबी घेऊन यायची आणि पहिल्याच आठवड्यापासून त्यात माझ्या दोन भाकरी जास्तीच्या असायच्या. मी तिला भाभी म्हणायचो, ती मला शिवहारभाऊ.

मी आलो त्याच वर्षी उस्ताद टीबीतून उठले होते. गोळ्यांचा कोर्स संपला तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. आमच्याकडं एक्स-रेला फोटोच म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसावर एक डाग कायमचा राहिलाय. त्याला काही करायचं नाही. पण हा फोटो जन्मभर सांभाळा, पुढं कुणी डाग बघून घाबरलं तर दाखवायला होईल." भाभीनं तो खाकी पाकिटासकट लोखंडी ट्रंकेत तळाशी ठेवला. पहिली एक-दोन वर्षं ईदेला कपडे काढायला ट्रंक उघडली की तो जागेवर आहे की नाही हे ती बघायची.

उस्तादांची कॉलर अख्ख्या तालुक्याला माहीत होती. कॉलरीच्या आत घालायचं जाड बकरम ते आधी रात्रभर पाण्यात टाकायचे, म्हणजे जे काय आटायचं ते तिथंच आटावं. मग तिरकं कापायचे, खळ लावून सुकवायचे आणि वरचा पदर खालच्या पदरापेक्षा दोन दोरे मोठा ठेवायचे. त्या दोन दोऱ्यांमुळं कॉलरीचं टोक आपसूक आत झुकतं. एका कॉलरीला अर्धा दिवस जायचा. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणायचे, "जल्दी असंल तर रुमाल बांध गळ्याला."

मला एवढा धीर कुठला? शिवाय टेरिकॉट आलं होतं. त्यावर खळ टिकायची नाही, आणि गिऱ्हाइकाला तर कॉलर पाटासारखी ताठ हवी. चौऱ्याण्णव साली औषधकंपनीचा एक माणूस एसटीच्या दारात बाही फाडून घेऊन दुकानात आला. त्यानं शर्ट काढला आणि कॉलरीच्या उलट्या बाजूनं, अगदी बारीक खिशातून, दोन प्लास्टिकच्या पट्ट्या ओढून काढल्या. बोटाच्या दोन पेरांएवढ्या, एका टोकाला निमुळत्या. म्हणाला, "ह्या जपा हो मास्तर. कॉलर ह्यांच्या जिवावर उभी आहे." बाही शिवेपर्यंत त्या पट्ट्या मी दहा वेळा हातात घेऊन बघितल्या.

मग मला दुसरं काही सुचेना. तेलाच्या डब्याचं प्लास्टिक इस्त्रीखाली वितळलं. खराट्याची काडी घातली, तर तिसऱ्या दिवशी ती कापडातून बाहेर येऊन एका तलाठ्याच्या हनुवटीला टोचली. तो भांडायला आला, मी त्याच्यापेक्षा जास्त भांडलो. शेवटी माझ्याच मोडलेल्या मनगटाचा जुना फोटो हाती लागला. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून त्यात फोटो बुडवला की वरची काळी साय सुटते आणि खाली निळसर, लवचीक, न मोडणारा कागद उरतो. त्याच्या पट्ट्या कापल्या. वर जरा जपून इस्त्री फिरवली तरी त्यांना काही होत नव्हतं.

सहा महिन्यांत माझं नाव झालं. जुना फोटो घेऊन या, तुमच्या दोन शर्टांत पट्ट्या फुकट, असं मी सांगत सुटलो. कुणाचा पाय, कुणाची मांडी, कुणाची कंबर, सगळं माझ्याकडं येऊ लागलं. उस्ताद गिऱ्हाइकांना म्हणायचे, "वसमतच्या अर्ध्या लोकांची हड्डी बाकीच्या अर्ध्यांच्या गळ्यात हाय." लोक हसायचे. मला मात्र ते एकट्यात वेगळं सांगायचे.

"शिवा, गर्दन माणसानं ताठ ठेवायची असते. तू फळी बांधून राहिला."

"लोकांला फळीच पाहिजे, उस्ताद."

"लोकांला लई काय काय पाहिजे असतं."

मी मनात म्हणायचो, म्हातारा माझ्यावर जळतोय. आज हे लिहितानाही लाज वाटते, पण म्हणायचो.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात वसमतला एक इंग्रजी शाळा निघायची ठरली. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीतच मोडत होतो. शाळा काढणारे परमेश्वर सर मूळचे सेनगावकडच्या साखऱ्याचे, लहानपणी बकऱ्यांमागं फिरलेले. त्यांनी जन्मात टाय लावला नव्हता, पण सोळाही शिक्षकांना टाय पाहिजेच म्हणून हटून बसले. प्रत्येकी दोन शर्ट. कापड पांढरं, पातळ, मऊ. त्या मऊ कॉलरीवर टायची गाठ आवळली की कॉलर गोळा होऊन बसायची. आणि टाय तरी कुठं जागेवर राहतोय? शिक्षक पोरांच्या वहीवर वाकला की तो आधी खाली, उभा राहून वारा आला की खांद्यावर. सरांनी नांदेडहून टायच्या पिना आणल्या होत्या, शर्ट घालून बघतानाच त्या पिनांनी तीन शर्टांना भोकं पाडली.

मी टायच्या मागच्या बाजूला नाडीचा एक फासा शिवला आणि तो शर्टाच्या चौथ्या बटणात अडकवायचा, असं काढलं. वरून काही दिसत नाही, टाय मात्र जागचा हलत नाही. उस्तादांनी तो हातात घेऊन दोनदा ओढून बघितला. "ये अच्छा किया," म्हणाले. त्यांच्या तोंडून माझ्या कामाला निघालेला तो पहिला चांगला शब्द होता. मी दिवसभर शीळ घालत मशीन चालवली.

टायचं जमलं, राहिल्या पट्ट्या. बत्तीस शर्टांच्या चौसष्ट, आणि लग्नसराईनं माझे सगळे फोटो संपवले होते. हातापायाचा फोटो असतो चिमुकला. मला पाहिजे होता मोठा, छातीचा. एकातच सगळं काम भागलं असतं. शाळा सोमवारी उघडायची होती, आणि शनिवारची दुपार झाली होती.

त्याच आठवड्यात उस्ताद घरावरचे पत्रे बदलत होते. घरातलं सामान आठ दिवसांसाठी दुकानाच्या माळ्यावर आणून टाकलं होतं: गाद्या, भांड्यांची पोती, आणि ती ट्रंक. ट्रंकेचं झाकण नीट बसत नव्हतं म्हणून भाभीनं तळापासून काही सामान उपसून बाजूला रचलं होतं. उस्ताद गवंड्याजवळ गेले होते. मी दोऱ्याची पेटी शोधायला माळ्यावर चढलो आणि समोर खाकी पाकीट दिसलं. मोठं, छातीच्या फोटोचं.

मला वाटलं, माझाच माल. कुणीतरी दिलेला आणि मी वर टाकून विसरलेला. पाकिटावर नाव असतं, ते वाचायला एक क्षण लागतो. तो मी दिला नाही. खाली उतरलो, घमेल्यात गरम पाणी ओतलं, सोडा टाकला आणि फोटो बुडवला. मग इस्त्रीचे कोळसे पेटवायला पाकीट फाडायला घेतलं आणि फाडता फाडता वाचलं. शेख अल्लाबक्ष, वय बेचाळीस.

मी फोटो बाहेर ओढला. उजवीकडची साय सुटून पाण्यात गेली होती. डावीकडच्या बरगड्या अजून दिसत होत्या.

अर्धा फोटो माझ्या हातात होता, हे मला स्वतःला बजावून सांगावंसं वाटतं. डाग कोणत्या बाजूला होता, मला माहीत नव्हतं. कदाचित तो उरलेल्या अर्ध्यातच असेल. तो तसाच सुकवून, उस्तादांपुढं धरून, "चुकलो" म्हणालो असतो तर त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या, आणि आठ दिवसांनी पुन्हा हाक मारली असती. पण मी विचार केला तो असा: सात वर्षं झाली, माणूस खोकलासुद्धा नाही, हा फोटो आता कोण मागतंय? आणि पट्ट्यांवरून मला इतकी वर्षं टोचणारा माणूस आता आयुष्यभर टोचत राहील. मी फोटो पुन्हा पाण्यात सोडला. पाकीट कोळशावर घातलं.

सोमवारी सोळा शिक्षक ताठ कॉलरी आणि जागच्या जागी टाय लावून शाळेत गेले. परमेश्वर सरांनी पेढे दिले. मी एक उस्तादांना दिला, एक भाभीला. घरावर नवे पत्रे बसले, सामान परत गेलं. त्यानंतर भाभीनं ट्रंक उघडली असणार, पण तळाशी हात घालून बघायचं राहून गेलं असणार. पाच वर्षं काही झालं नाही आणि मीही ते विसरलो. खरंच विसरलो.

दोन हजार तीनच्या थंडीत उस्तादांना खोकला लागला. गावातल्या डॉक्टरांनी फोटो काढला, डाग बघितला आणि नांदेडला पाठवलं. बरोबर भाभी होती, मीही गेलो. तिथल्या डॉक्टरांनी थुंकी तपासली, मोठ्या मशीनमध्ये झोपवलं, सगळं झालं. मग आम्हा तिघांना समोर बसवून म्हणाले, "टीबी नाही. पण हा डाग जुना आहे की नवा, ते मशीन सांगत नाही. जुना असेल तर हात लावायची गरज नाही. नवा असेल तर छाती उघडून काढावा लागेल, उशीर करून चालणार नाही. पूर्वीचा एखादा फोटो आहे का?"

"हाय ना," उस्ताद लगेच म्हणाले. "घरी ट्रंकेत हाय. हिनं संभाळलाय." त्यांनी भाभीकडं बोट केलं. भाभी मान हलवत होती, हसत होती. डॉक्टरही हसले. म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. परवा घेऊन या."

येताना बसमध्ये मी उस्तादांशेजारी बसलो होतो. तीन वेळा तोंड उघडलं. तिसऱ्या वेळेला ते म्हणाले, "शिवा, तू संगं आला, बरं वाटलं. अपना लडका असता तर एवढंच केलं असतं." मी तोंड मिटलं.

घरी ट्रंक पालथी झाली. मग कपाट, गाद्या, भांड्यांची पोती, न्हाणीवरचा माळा. दोन दिवस शोध चालला, आणि मीही शोधत होतो. मी स्वतः धुतलेला, कापलेला, सोळा माणसांच्या गळ्यात घातलेला फोटो मी दुकानातल्या मशिनींखाली वाकून शोधत होतो. भाभीनं मला त्यासाठी पाणी आणून दिलं. म्हणाली, "भाऊ, तुमी तरी बसा जरा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उस्ताद ओसरीवर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना बायकोवर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी शेजारीपाजारी ऐकतील एवढ्यानं म्हणाले, "पत्रे बदलताना तूच सामान हलवलं. एक कागद संभाळता आला न्हाई तुला."

भाभी खाली बघत होती. म्हणाली, "म्या ठिवला होता. आयशपथ, ठिवला होता."

"मग कुठं गेला? उडून गेला?"

मी तिथंच दाराशी उभा होतो. चार पावलांवर. "भाभीचा काही दोष न्हाई" एवढं म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप आलं असतं. मी एरवी कुणाचं ऐकून घेणारा नव्हे, तलाठ्याला उलटून बोलणारा माणूस, आणि तिथं मूग गिळून गप्प बसलो. मनाला सांगितलं, आता सांगून फोटो थोडाच परत येणार आहे? हे खरंही होतं. पण फोटो नाही, तरी त्या बाईवरचा आळ त्याच क्षणी उतरला असता, आणि तेवढं तर माझ्या हातात होतं.

नांदेडला छाती उघडली. चार तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "काळजीचं काही नाही. जुनाच डाग होता." ते चांगली बातमी सांगत होते. भाभीनं मला विचारलं, "म्हंजे फोटो असता तर हे काही लागलंच नसतं, न्हाई का?" मी म्हणालो, "असं काही मनाला लावून घेऊ नका, भाभी." एवढंच सुचलं मला.

उस्ताद वाचले, पण उजवा खांदा गेला. बरगड्यांमधून चीर दिली होती, तिथून पाठीमागं कळ धरायची आणि हात छातीच्या वर जायचा नाही. मोठी कात्री चालवायला सगळा खांदा लागतो. त्यांनी दोन महिन्यांनी बकरमचा एक तुकडा घेतला, कात्री लावली, मध्यापर्यंत गेले आणि कात्री खाली ठेवली. कापलेली रेघ वाकडी होती. पुढं त्यांनी कात्री धरली नाही. सकाळी येऊन बाकावर बसायचे आणि माझं काम बघायचे.

मी उरलेल्या सगळ्या पट्ट्या उकिरड्यावर फेकल्या. उस्तादांनी विचारलं, "काहून रे?"

"तुमचंच खरं होतं. बकरमची कॉलर ती कॉलर."

त्यांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. ज्यांना कधी वेळ नव्हता ते उस्ताद आता रोज मला शिकवू लागले: भिजवायचं किती, खळ किती पातळ, दोन दोरे कुठं सोडायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "माझा हात गेला, पर शिवा सुधरला. अल्लाची मर्जी." मला ते ऐकत मान खाली घालून शिवावं लागायचं. तोवर तयार शर्टांची दुकानं रांगेनं उघडली होती आणि अशी कॉलर मागायला कोण येतंय? तरी मी शिकलो. आज वसमतमध्ये तशी कॉलर फक्त मला येते.

खांदा दुखला की मात्र उस्तादांचा सूर बदलायचा. डबा घेऊन आलेल्या भाभीला गिऱ्हाइकांदेखत म्हणायचे, "एक कागद हुता. एक." ती डबा ठेवून जायची. चार वर्षं हे चाललं आणि चार वर्षं मी ते मशीनवर बसून ऐकलं. रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आज त्यांना बरं नाही, उद्या सांगू. बरं वाटत असेल त्या दिवशी वाटायचं, आज कशाला बिघडवा? सांगायला योग्य दिवस सापडेना, कारण मी तो शोधतच नव्हतो.

दोन हजार सातच्या जानेवारीत उस्ताद गेले. आठ-दहा दिवस अंथरुणाला खिळले, मग गेले. मातीला अख्खा मोंढा आला होता. मीही मूठभर माती लोटली.

चाळिसावा झाला आणि त्यानंतर चार दिवसांनी भाभीनं मला बोलावणं पाठवलं. सकाळी दहाच्या सुमाराला गेलो. ओसरीवर ऊन होतं. तिच्यापुढं बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा उघडा होता आणि चटईवर कागदांचे ढीग लावलेले होते. लाइटबिलं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, रेशनच्या पावत्या, औषधांची रिकामी पाकिटं, आणि सुतळीनं बांधलेला एसटीच्या तिकिटांचा एक गठ्ठा. वसमत ते नांदेड, नांदेड ते वसमत.

"भाऊ, तुमी वाचून सांगा," ती म्हणाली. "ह्यातलं काय ठिवू अन् काय टाकू. तवापासून म्या एक कागद टाकला न्हाई. टाकाया घेतलं की पुन्हा डब्यात ठिवते."

मी ती तिकिटं हातात घेतली. आणि मला वाटतं, मी ठरवून बोललो नाही. ते तोंडातून बाहेर पडलं.

"भाभी, तो फोटो तुमी हरवला न्हाई. म्या धुतला. शाळेच्या कॉलरींत घातला."

मग सगळं सांगितलं. माळा, पाकीट, घमेलं, हातात राहिलेला अर्धा फोटो, पुन्हा पाण्यात सोडलेला. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात तसं होतं ते, पण बोलत सुटलो. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिकिटांकडं बघत होती. मला वाटलं ती ओरडेल, रडेल, डबा माझ्या अंगावर फेकील. मला ते हवंही होतं. आत स्टोव्हवर चहा उतू गेला, तरी ती उठली नाही.

मग म्हणाली, "जायच्या आठ दिवस आधी त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणले, खतीजा, अब तो बोल. फोटो कुठं गेला? मैं कुछ नही बोलूंगा." तिनं डब्याचं झाकण जवळ ओढलं. "मला काय ठाव होतं, भाऊ? पर माणूस चाललं होतं. त्याला काय ठाव न्हाई म्हणून पाठवू? म्या म्हणले, चुलीत घातला. कचरा समजून जाळला, अन् तुमच्या भेवानं सांगितलं न्हाई."

"भाभी..."

"मग म्हणले, जा, माफ किया. दिलसे माफ किया. अन् झोपले. तवापासून शेवटपर्यंत त्यांनी कुरकुर केली न्हाई."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी हात जोडले. म्हणालो, "भाभी, मला माफ करा."

"म्या करीन," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "माझं काय, म्या करीन. पर त्यांच्याजवळ जी माफी होती ती तुमची होती, भाऊ. ती म्या घेतली. खोटं बोलून घेतली, अन् ते गेले. आता तुमच्यासाठी दुसरी कुठून आणू?"

तिनं तिकिटांचा गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला, सुतळी सोडली आणि एकेक तिकीट चटईवर ठेवू लागली. मग हात थांबवून तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"अन् म्या तो फोटो जाळला न्हाई, हे त्यांना आता कोण सांगंल?"